वहिनींचा ए.सी. आणि माझी खिडकी

खालच्या वहिनींकडे ए.सी. बसला, त्या दिवशी मी दोनदा जिना उतरून गेले. पहिल्यांदा गेले ती कौतुक करायला. पेढा खाऊन आले. दुसऱ्यांदा गेले ती विरजण मागायला, आणि विरजण माझ्या घरात वाटीभर होतं. मला फक्त पुन्हा एकदा त्या खोलीत उभं राहायचं होतं. खोटं कशाला बोलू, इतकं गार वाटलं की डोळे आपोआप मिटले. आणि मिटल्या डोळ्यांनीच मनात आलं, हे माझ्या घरी का नाही? पुस्तकात याला मत्सर म्हणतात. आमच्याकडे जळणं म्हणतात.

आमची कॉलनी वीजयंत्रांच्या कारखान्याची. भोपाळच्या त्या भागात तेव्हा जो तो कारखान्याचाच होता. खाली त्या, वर आम्ही. त्या पुण्याच्या, मी नागपूरची. दोघींचे नवरे एकाच कारखान्यात, एकाच हुद्द्यावर, सायकलींच्या स्कूटर झाल्या त्याही बरोबरच. त्या मला वहिनी म्हणायच्या, मी त्यांना वहिनी म्हणायची. क्वार्टरही सारखंच, खिळ्याला खिळा. फरक एवढाच, की तळमजला म्हणून त्यांना अंगण मिळालं होतं. अंगणात कढीपत्ता, लिंबू आणि एक अनंताचं झाड. आम्हाला काय मिळालं होतं? डोक्यावर छत. मे महिन्यात ते दिवसभर ऊन प्यायचं आणि दिवेलागणीनंतर आमच्यावर ओकायचं.

आता ए.सी.चं सांगते. त्या काळात आमच्या कॉलनीत कूलर असायचे. एप्रिल लागला की कूलरच्या जाळीतली जुनी घास, म्हणजे गवत, काढायची, नवी भरायची, पाण्यात थोडा वाळा टाकायचा. कूलरचं एक असतं, समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर घरात नुसता दमटपणा कोंडतो. आमची उघडी खिडकी म्हणजे स्वयंपाकघराची. आणि वहिनींचा ए.सी. बसला तो मागच्या खोलीच्या खिडकीत, बरोबर माझ्या स्वयंपाकघराच्या खाली. त्याची पाठ बाहेर. त्या पाठीतून जी गरम हवा निघायची ती जाणार कुठे? वर. घरचं झालं थोडं नि व्याह्याने धाडलं घोडं! पुढून गॅस, मागून वहिनींची हवा, मध्ये मी पोळ्या लाटतेय.

एवढंही मी सहन केलं असतं. पण आमची मुलगी दुपारची खाली जाऊन बसू लागली.

एकुलती एक. तेव्हा अकरावीत होती, अभ्यासाचं वय. शाळेतून आली की जेवायची, पुस्तकं उचलायची आणि "काकूंकडे जाते गं" म्हणून जिना उतरायची. मी काय म्हणणार? वर बसून शिज, असं म्हणू? वहिनींचा मुलगा इंजिनिअरिंगला बाहेरगावी गेलेला, घर रिकामं. शिवाय त्या फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेल्या. मी बी.ए., मराठी साहित्य. अकरावी सायन्सच्या मुलीला माझ्या बी.ए.चा काय उपयोग? पोरगी गारव्याला गेली आणि फिजिक्सला चिकटली.

मग रोज रात्री जेवताना काकूपुराण. काकूंनी आज बादली घेतली, तळाला भोक पाडलं, वर नळ सोडला. काकू म्हणाल्या, पृथ्वीचंही असंच असतं. सूर्याकडून येतं तेवढंच तिने परत आकाशात सोडलं, की पातळी आहे तिथे राहते. भोक बुजवत आणलं की येणारं पाणी तेवढंच, पण पातळी चढते. धुरातला कार्बन वायू तेच करतो, भोक बुजवतो. जाणारी उष्णता अडते, आणि पृथ्वी तापत जाते, जोवर तापून तापून पुन्हा येणं-जाणं सारखं होत नाही तोवर. हे आमचे तोंडात घास धरून ऐकतायत. "वा! काय समजावतात वहिनी!"

मी म्हटलं, "यात वा काय? आणि पोरी, तू एवढीशी असताना ओट्यावर बसून विचारलं होतंस, आई, झाकण ठेवलं की डाळ लवकर का शिजते? मी काय सांगितलं होतं?"

"वाफ कोंडते म्हणून."

"मग? आच तेवढीच, झाकण नवं. हेच ना तुझ्या काकूंचं?"

"आई, ते थोडं वेगळं आहे," ती म्हणाली, आणि हसली. ते हसू मला झोंबलं. मी सांगितलं ते स्वयंपाक, त्यांनी सांगितलं ते फिजिक्स. बादली काय आकाशातून पडली होती?

तिला नवी शिंगं फुटली होती त्यात. एकदा ह्यांना म्हणाली, "बाबा, तुमची यंत्रं शेवटी कुठे बसतात? कोळशाच्या वीजघरांत." ह्यांचा चेहरा पडला. ज्या माणसाने जन्मभर अभिमानाने सांगितलं की देशात दिवे लागले ते आमच्या हातांनी, त्याला पोरगी धुराचा हिशोब विचारते! मला वाईट वाटलं ह्यांचं, आणि संधीही दिसली. मी म्हटलं, "आणि तुझ्या काकूंचा ए.सी. कशावर चालतो गं? तुळशीच्या काड्यांवर?" "खरंय," म्हणून पोरगी ताट उचलून उठली. पण दुसऱ्या दिवशी दुपारी पुस्तकं उचलून खालीच गेली. तोंडाने हार मानणं वेगळं, उन्हाने भाजणं वेगळं.

मला एकच हवं होतं. पोरीने दुपारी माझ्या घरात बसावं. बारावी झाली की ती जाणार हे दिसत होतं. कॉलनीतली सगळीच हुशार मुलं जायची. हातात होत्या त्या एवढ्याच दुपारी, आणि त्या खालच्या मजल्यावर चालल्या होत्या.

ए.सी. घ्यायचा तर ह्यांची तयारी नव्हती. मग मी माझं डोकं चालवलं. नागपूरला आमच्या शेजारी एक कुटुंब उन्हाळ्यात छताला चुना मारायचं. पांढऱ्यावरून ऊन परत फिरतं. पांढरा सदरा आणि काळा सदरा वाळत घालून हात लावून बघा, हाताच्या कांकणाला आरसा कशाला! मी चुना आणला, भिजवला. हे म्हणाले, "त्यात सरस घाल, नाहीतर धरणार नाही." मला कुठला धीर? शनिवारी विचार केला, रविवारी पहाटे मी आणि हे छतावर, हातात कुंचे, चुना डोळ्यांत उडू नये म्हणून ह्यांचे जुने गॉगल. उजाडेपर्यंत छत लख्ख पांढरं.

आणि काय सांगू, लागू पडलं! त्या संध्याकाळी छताला हात लावला तर लागत होतं नुसतं कोमट. घर काही महाबळेश्वर झालं नाही, पण कूलर चालू केला की बसवत होतं. पोरगी हॉलमध्ये पालथी पडून अभ्यास करू लागली. मध्येच उठून छतावर जाऊन यायची, वहीत काहीबाही लिहायची. "आई, तू आपल्यापुरतं ऊन परत पाठवलंस," म्हणाली. मी तो पूर्ण आठवडा रोज काहीतरी तळलं. साबुदाण्याच्या चकल्या, कुरडया, जे पोरीला आवडतं ते. खालून वहिनींनी विचारलं, "अहो वहिनी, लेक दिसली नाही हल्ली?" मी कठड्यावरून वाकून म्हटलं, "अभ्यास करतेय हो, घरी." तो 'घरी' मी जरा मोठ्याने म्हटला.

मग मे संपता संपता वळवाची एक सर आली. दणकून. सरस नव्हताच, सगळा चुना सुटला आणि पाण्याबरोबर पन्हळीतून खाली गेला. पन्हळ कुठे उतरत होती? वहिनींच्या अनंताच्या बुंध्याशी. करायला गेले गणपती, झाला मारुती. छत पुन्हा काळं, आणि आता तर पूर्वीपेक्षा जास्त तापतंय असं वाटायचं, कारण मध्ये आठवडाभर गारव्याची चटक लागली होती. पुढच्या पंधरवड्यात अनंताची पानं पिवळी पडली, कळ्या गळाल्या. वहिनींनी ते झाड पुण्याहून आणून लावलं होतं, त्यांच्या आईच्या परसातलं. मी खाली गेले, म्हटलं, "वहिनी, चुना माझा होता." त्या म्हणाल्या, "असू दे हो. चुन्याचं पाणी सोसत नाही त्याला, तुम्हाला कसं माहीत असणार?" एवढंच. अहो, एखादी भांडली असती! दोन शब्द ऐकवले असते तर मीही दोन ऐकवले असते आणि मन मोकळं झालं असतं. त्यांचा तो समंजसपणा मला ए.सी.पेक्षा जास्त टोचायचा. आणि पोरगी? पुन्हा खाली.

पुढच्या उन्हाळ्यात तिला लू लागली.

आमच्याकडे उन्हात निघताना जवळ कांदा ठेवायची पद्धत. मी रोज तिच्या दप्तरात एक टाकायची. वहिनी तिला हसत म्हणाल्या होत्या, "अगं, कांद्यात तसं काही नसतं." त्या दिवशी तिने कांदा काढून ओट्यावर ठेवला आणि भर दुपारी सायकलवरून क्लासला गेली. कांदा नव्हता म्हणून लू लागली, असं मी म्हणत नाही. पण कांदा नव्हता. आली ती लालबुंद होऊन, बडबडत, अंगाला हात लाववेना इतकी तापलेली. कॉलनीच्या दवाखान्यातले डॉक्टर घरी आले, वर छताकडे पाहिलं, मला म्हणाले, "हिला गार जागी ठेवा. इथे नको."

इथे नको. माझ्या घरात माझी मुलगी नको!

ह्यांनी खांदे धरले, मी पाय, आणि आम्ही तिला जिन्यावरून खाली नेलं. माझ्या पायाने मी तिला नेऊन दिली. वहिनींनी पलंग आधीच रिकामा केला होता, स्वच्छ चादर घातली होती, ए.सी. लावून ठेवला होता. त्यांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं, कपाळावर ओल्या पट्ट्या. पोरगी गुंगीत "काकू, पाणी" म्हणाली. मी उशाशीच होते हो. हाक मारली ती काकूंना. त्या खोलीत त्यांच्याच हाताला पट्टी कुठे, पेला कुठे ते ठाऊक, मी आपली अवघडून उभी. मग वहिनी म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही वर जाऊन पन्हं करून आणता का?" बरोबरच होतं. कैऱ्या वर होत्या.

मी वर आले. कैऱ्या गॅसवर ठेवल्या आणि खिडकीशी गेले. खालून ए.सी.ची हवा येत होती, रोजच्यापेक्षाही गरम वाटली मला. एरवी मी त्या खिडकीला पाठ करायची. त्या दुपारी मी दोन्ही हात गजांवर ठेवून तिथेच तोंड करून उभी राहिले. हे खालून आले, म्हणाले, "अगं, भाजतेयस का तिथे? बाजूला हो." मी म्हटलं, "राहू द्या." कैऱ्यांचं पाणी उतू गेलं तरी मी हलले नाही. संध्याकाळी तिचा ताप उतरला.

नंतर सगळं ठरल्यासारखं झालं. ती शिकायला गेली, मग आणखी शिकायला गेली, आणि हवामानाच्याच अभ्यासात पडली. आभाळ, ढग, ऊन. तिचा शोधनिबंध छापून आला की आधी फोन काकूंना. "तुला कळणार नाही म्हणून नव्हे गं आई, त्या प्रश्न विचारतात म्हणून." मग मीही प्रश्न विचारायला लागले. वर्तमानपत्रातली कात्रणं वाचून मी फोनवर विचारायची, ती दोन वाक्यांत उत्तर द्यायची. काकूंशी तासभर. हे मला वहिनीच सांगायच्या, आनंदाने. निवृत्तीनंतर क्वार्टर सुटलं, त्यांनी भोपाळातच अवधपुरीत घर बांधलं, आम्ही मिसरोदला. पोरीचा ए.सी.चा पलंग सुटला, पण फोन सुटला नाही.

परवाच्या मे महिन्यात ती भोपाळला आली, एका संस्थेत व्याख्यान द्यायला. एकच दिवस. आदल्या दिवशी फोनवर म्हणाली, "आई, आपल्या छतावरच्या चुन्याचं सांगू का?" मी म्हटलं, "खबरदार!" सगळ्या सभेत वहिनींचा अनंत निघाला असता म्हणजे!

आम्ही दोघी शेजारी बसलो, पहिल्या रांगेत. हे मागे, त्यांना पंख्याखाली जागा हवी होती. वहिनींनी नारायणपेठ नेसली होती, मी पैठणी. त्यांच्या मांडीवर वही होती. मी वही आणली नव्हती, तेव्हाच मला कळलं की मी हरले.

पोरगी हिंदीत बोलली, छान बोलली. काही शास्त्रज्ञ म्हणतात, खूप उंच आकाशात बारीक कण सोडू या, ते थोडं ऊन परत फिरवतील. ज्वालामुखी फुटतो तेव्हा तसंच होतं आणि पृथ्वी थोडे दिवस निवते. पण धूर तसाच राहतो, तो पिऊन समुद्र आंबट होत जातो तो होतच राहतो. कण खाली बसतात म्हणून सोडत राहावे लागतात, आणि मध्येच थांबलं तर दबून राहिलेली सगळी उष्णता एकदम अंगावर येते. शिवाय एका देशाचं ऊन कमी करायला जावं तर दुसऱ्याचा पाऊस हलू शकतो. मी वहिनींकडे पाहिलं. त्या भराभर लिहीत होत्या. मला छताला लागलेला चुना आणि पन्हळ दिसत होती.

शेवटी एक गृहस्थ उठले. म्हणाले, "मॅडम, घर पेटलंय आणि तुम्ही पाण्यात खोट काढताय. थंड होणार ना? मग करून टाका."

तिने हातातला कागद खाली ठेवला. मग म्हणाली, "मी वाढले त्या कॉलनीत आमच्या ब्लॉकमध्ये एकच ए.सी. होता. मी रोज दुपारी त्या खोलीत बसून फिजिक्स शिकले. शिकले की उष्णता नाहीशी होत नाही, फक्त जागा बदलते. आणि मला माहीत होतं ती कुठे जाते. बरोबर वरच्या खिडकीत, जिथे माझी आई पोळ्या करत असायची. हे माहीत असूनही मी रोज गेले, कारण गार वाटायचं. म्हणून कुणी थंड करायची योजना आणली की मी आधी विचारते, वरच्या खिडकीत कोण आहे? तिला विचारलंय का?"

वहिनींचं लिहिणं थांबलं होतं. त्यांनी माझा हात धरला, गार होता त्यांचा हात. हळूच म्हणाल्या, "वहिनी, इतकी वर्षं मला कसं हो सुचलं नाही?" मी कितीतरी वर्षं वाट पाहिलेला तो क्षण. भर सभेत पोरीने माझं नाव काढलं, काकूंचं नाही! आणि मला साधा आनंदही धड होईना. त्यांचे डोळे भरले होते. मी म्हटलं, "अहो, खिडकी मलाच लावून घेता आली असती." ते खोटं होतं. कूलर होता ना.

दुपारी ती घरी आली. आमच्याकडे आता ए.सी. आहे, ह्यांच्या गुडघ्यांसाठी घेतला. मी तिच्यासाठी लावला, तर खोलीत जाईचना, स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभी राहिली. पन्नाशीकडे चाललेली बाई, पण उभी राहते तशीच.

"आई, राग आला का? सगळ्यांसमोर बोलले."

"राग कसला? पण तुझा हिशोब अर्धा आहे."

"म्हणजे?"

"लू लागली होती तुला ते आठवतं? खाली त्यांच्या पलंगावर होतीस, त्यांच्या मांडीवर, पाणी मागितलंस तेही त्यांच्याचकडे. आता मला सांग, ती मशीन त्या खोलीतली उष्णता बाहेर फेकत होती ना?"

"हो."

"तापाने फणफणलेलं तुझं अंगही त्याच खोलीत होतं. मग माझ्या खिडकीत जे येत होतं, त्यात तुझा ताप होता की नव्हता?"

तिने मनात हिशोब केला. मग मान हलवली. "होता."

"मग झालं तर. बाकी सगळं त्यांना मिळालं. तेवढं मी त्या दुपारी खिडकीत उभं राहून घेतलं, आणि ते मी कुणाला देणार नव्हते."